सगळ्यांना नंबर न दिल्यानं मत बाद होत नाही

काल दारव्ह्याहून धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, साऱ्याइले नंबर देनं लागते म्हन्ते, नाई तं मत बाद. ज्याइले ओळखतच नाई त्याइले कायचा नंबर देऊ मी?" विधान परिषदेच्या पदवीधर निवडणुकीवरचा तो मेसेज तिच्याही ग्रुपवर पोचला होता. त्यात होतं: सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम, म्हणजे १, २, ३ असे आकडे, द्या, १ ऐवजी बरोबरची खूण चालते, पेन घरून न्या, आणि २ दिला की आपल्याच माणसाचं मत घटतं. पहिली आणि शेवटची गोष्ट एकमेकींना खोडतात, एवढंही पुढे पाठवणाऱ्यांनी पाहिलं नाही.

खुणेचं आधी, कारण त्यानं खरोखर मतं जातात. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम ७३ वाचा. १ हा आकडा नसेल तर मतपत्रिका अवैध. बरोबर, फुली, अक्षरात 'एक', सगळं बाद. १ दोघांपुढे लिहिला, बाद. ओळख पटेल अशी सही केली, बाद. आकडा इंग्रजी, रोमन, देवनागरी कुठलाही चालतो, पण केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननंच. घरचा पेन वापरला तरी मत गेलं. २०२३ ला आमच्या गावचा एक पदवीधर बूथबाहेर मला सांगत होता, "आपन तं बरोबर मारून आलो." शेतातलं काम टाकून गेला होता तो. ते मत मोजलंच गेलं नसणार.

सगळ्यांना क्रमांक? साफ खोटं. १ पुरतो. मात्र १ नंतर थेट ३ लिहिला तर तो ३ धरत नाहीत, १ शाबूत राहतो.

२ मुळे मत घटत नाही. तुमचा १ वाला शर्यतीतून बाद होईपर्यंत तो २ कोणी बघतही नाही; बाद झाला की मत २ वाल्याकडे जातं. नको असलेल्याला क्रमांक देऊ नये, एवढं मान्य. पण कोरं सोडल्याचा परिणामही सांगा ना! अमरावती पदवीधर मतदारसंघात २ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवशीही चालली. पहिल्या पसंतीवर कोटा, म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून जास्त, कोणालाच मिळाला नाही. एकेक उमेदवार बाद होत शेवटी काँग्रेसचे धीरज लिंगाडे भाजपच्या रणजित पाटलांच्या पुढे निघाले. बाद झालेल्याला १ देऊन जे थांबले, त्यांचं मत त्या शेवटच्या लढतीत नव्हतंच.

बहिणीला एवढं सांगितलं. म्हणाली, "माह्या ओळखीचे तं दोघंच हायेत."

मग दे १ आणि २. बाकी कोरं ठेव.