लाल गळा दिसला म्हणजे टायगा नव्हे

थंडी पडली की पुण्यातल्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपांवर साधारण असा मेसेज फिरू लागतो: "टेकडीवर दुर्मिळ टायगा माशीमार! गळा लाल आहे, अ‍ॅपनेही तेच नाव दिलंय. पुण्याचं हवा-पाणी सुधारल्याचं लक्षण. मोबाइलवर त्याचा कॉल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवा, लगेच बाहेर येतो." लोक आनंदाने पुढे पाठवतात. पण यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी गळा. टायगासारखाच दिसणारा लाल छातीचा माशीमार पुण्यात दर हिवाळ्यात येतो. त्याच्या प्रौढ नराच्या गळ्याची लाली हिवाळाभर टिकते. टायगाचा नर मात्र विणीनंतर पिसं बदलतो आणि त्याचा गळा पांढुरका होतो. लाली परतते ती वसंताच्या तोंडावर. म्हणजे डिसेंबरात वेताळ टेकडीवर लाल गळा दिसला, तर तो आपला नेहमीचा लाल छातीचा माशीमार असण्याचीच शक्यता जास्त. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं तर दोन्ही जातींत लालीविनाच असतात. तिथे शेपटीच्या मुळावरची, पाठीकडची पिसं बघायची. टायगाची ती कुळकुळीत काळी, शेपटीहूनही गडद. चोचही सहसा पूर्ण काळी. नेहमीच्या माशीमाराची खालची चोच मुळाशी फिकट. आवाज दोघांचाही 'टर्रर्र', पण टायगाचा इतका जलद की ठोके सुटे ऐकूच येत नाहीत. म्हणून गळ्याच्या दहा फोटोंपेक्षा मागून काढलेला एक स्पष्ट फोटो आणि मोबाइलवरचं छोटं रेकॉर्डिंग मोलाचं.

अ‍ॅपचं म्हणाल तर मर्लिन हे पक्षी ओळखायचं अ‍ॅप शक्यता सुचवतं, निकाल देत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दुर्मिळ नोंद टाकल्यावर स्थानिक समीक्षक तपशील विचारतात, त्यात अपमान वाटून घेऊ नये. चुकीची नोंद राहिली तर पुढचा अभ्यास तिच्यावर उभा राहतो.

हवा-पाणी सुधारल्याचा दावा तर सोडूनच द्या. टायगा हिवाळ्यात मुख्यतः पूर्व आणि ईशान्य भारतात असतो. इतक्या दूर भरकटणारे पक्षी अनेकदा पहिल्याच स्थलांतरावरची पिल्लं असतात. दिशा चुकते, वारा ढकलतो. शिवाय पुण्याजवळ कवडीपाटला नदीतून शहराचं सांडपाणी वाहतं, तरी तिथे चक्रवाक आणि धोबी हे पक्षी येतातच.

आणि कॉल वाजवणं, कृपया नको. दमून आलेल्या पक्ष्याला खायला वेळ हवा असतो, रेकॉर्डिंगमधल्या खोट्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजायला नाही. झाडाआड शांत उभे राहा. माशीमार किडे टिपत फिरून त्याच झाडीत येतो, शेपटी वर उडवतो आणि हवी ती पाठीकडची बाजू तेव्हाच दिसते.