‘युनियनला घरचा नंबर देणं बेकायदा आहे’ : हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

कॅनडातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज बराच फिरतो आहे. नुकतीच फेडरल सरकारात नोकरी लागलेल्यांना तो आवर्जून पाठवला जातो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: सरकार तुमचा घरचा पत्ता आणि फोन नंबर तुम्हाला न विचारता युनियनला देतं. हा प्रायव्हसी कायद्याचा उघड भंग आहे. तुम्ही सदस्य नसाल तर युनियनचा तुमच्याशी काही संबंधच नाही. बोलायचंच असेल तर ऑफिसचा ईमेल आहे की. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हा प्रकार कधीच बंद केला. आणि शेवटी, खालचा मजकूर एचआरला पाठवा, तुमचं नाव यादीतून काढावंच लागेल.

मी फेडरल सरकारात नोकरी करते आणि आमच्या युनिटची स्ट्यूअर्ड, म्हणजे सहकाऱ्यांसाठी युनियनची प्रतिनिधी आहे, तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही. पण या मेसेजवर विश्वास ठेवून आपली माणसं अशा मदतीपासून तुटताहेत जिची त्यांना पुढे गरज पडणार आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं वाक्य खरं आहे. घरचा पत्ता आणि फोन नंबर युनियनला दिला जातो आणि त्यासाठी तुमची वेगळी संमती घेतली जात नाही. पुढचं सगळं मात्र तपासून घ्यावं लागेल.

‘हा प्रायव्हसी कायद्याचा भंग आहे.’ कोणत्या कायद्याचा? मेसेजमध्ये ‘पिपेडा’चं नाव आहे. तो कायदा खासगी व्यवसायांसाठी आहे. बँका, विमान कंपन्या, टेलिकॉम अशा फेडरल अखत्यारीतल्या उद्योगांमधल्या कर्मचाऱ्यांच्या माहितीला तो लागू होतो. सरकारी खात्यांना लागू होतो तो १९८३ पासून अमलात असलेला प्रायव्हसी अ‍ॅक्ट. त्याच्या कलम ८ चा सर्वसाधारण नियम खरोखरच असा आहे की, संमतीशिवाय माहिती बाहेर जाऊ नये. मेसेज लिहिणारा तिथेच थांबला. त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमात अपवाद दिलेले आहेत. त्यातला पहिलाच सांगतो की, ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी, किंवा त्याच्याशी सुसंगत वापरासाठी, ती संमतीशिवाय देता येते.

मग घरचा पत्ता देणं सुसंगत वापरात बसतं का? हा प्रश्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ७ फेब्रुवारी २०१४ ला त्याचं उत्तर आलं. तो बर्नार्ड खटला. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी या कर खात्यातली एक कर्मचारी, युनियनची सदस्य नसलेली, स्वतःच आपली बाजू मांडत तिथवर पोचली होती. त्याआधी प्रोफेशनल इन्स्टिट्यूट या युनियनने एजन्सीकडे कर्मचाऱ्यांचे घरचे पत्ते आणि फोन मागितले होते. एजन्सीने गोपनीयतेचं कारण देऊन नकार दिला. सरकारी नोकरीतले कामगार-वाद सोडवणाऱ्या लेबर बोर्डाने २००८ मध्ये ठरवलं की हा नकार म्हणजे युनियनच्या कायदेशीर कामात अडथळा आहे. त्यावर एजन्सी आणि युनियनमध्ये तडजोड झाली आणि बोर्डाने ती आदेशात घातली. त्या आदेशाला या कर्मचारी बाईंनी आव्हान दिलं. फेडरल अपील न्यायालयाने प्रकरण एकदा बोर्डाकडे परत पाठवलं, बोर्डाने गोपनीयतेचा मुद्दा पुन्हा तपासला, आणि तरीही निर्णय तोच राहिला. पुढे अपील न्यायालयाने आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

न्यायालयाचा तर्क साधा आहे. नोकरीला लागताना तुम्ही पत्ता आणि नंबर कशासाठी देता? नोकरीच्या अटींबद्दल, पगाराबद्दल तुमच्याशी संपर्क करता यावा म्हणून. युनियनही त्याच अटींबद्दल तुमच्याशी बोलणार असते. दोन्ही वापर तंतोतंत एक असायला हवेत असं कायदा म्हणत नाही. दोन्हींमध्ये थेट संबंध हवा आणि तसा वापर होईल अशी कर्मचाऱ्याला रास्त अपेक्षा असायला हवी, एवढंच. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या संघटनास्वातंत्र्याचा भंग होतो आणि हा एक प्रकारचा बेकायदा झडतीचा प्रकार आहे, हे युक्तिवादही झाले. न्यायालयाने तेही मानले नाहीत.

तेव्हा ‘बेकायदा’ हा शब्द चूक आहे. ‘मला हे पटत नाही’ असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ज्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निकाल आहे ते बेकायदा म्हणून पसरवणं, आणि तेही नोकरीतल्या पहिल्याच वर्षी असलेल्या माणसाला, हे मला गंभीर वाटतं.

‘सदस्य नाही, म्हणजे संबंध नाही.’ भारतातून आलेल्यांना हा मुद्दा सगळ्यात पटतो. आपल्याकडचा अनुभव त्याला साजेसाच आहे. भारतात एकाच खात्यात अनेक संघटना असतात. वर्गणी पगारातून कापायची तर तुमची लेखी संमती लागते. १९९३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे संघटनेला मान्यता हवी तर त्या वर्गातले किमान ३५ टक्के कर्मचारी तिचे सदस्य असावे लागतात. तुम्ही कुठेच नसाल तर तुमच्यावर कुणाचा हक्क नाही आणि तुमच्यासाठी कुणाचं कर्तव्यही नाही.

कॅनडातलं कर्तव्य वेगळ्या पायावर उभं आहे. १९४५ मध्ये विंडसरच्या फोर्ड कारखान्यात मोठा संप झाला. तो मिटल्यावर लवाद म्हणून न्यायमूर्ती आयव्हन रँड यांनी जानेवारी १९४६ मध्ये तोडगा दिला. युनियनचं सदस्य होण्याची सक्ती कुणावर नसावी, पण करारातून मिळणारा फायदा सगळ्यांना मिळतो, म्हणून ड्यूज, म्हणजे युनियनची वर्गणी, सगळ्यांनी भरावेत. यालाच रँड फॉर्म्युला म्हणतात. तुमच्या पे-स्टबवर ड्यूज कापलेले दिसतात, सही केलेली नसतानाही, ते यामुळे.

पण ड्यूज हा या व्यवस्थेचा लहान भाग झाला. मोठा भाग असा की, एकदा युनियनला मान्यता मिळाली की त्या वाटाघाटी गटातल्या, म्हणजे एकाच करारात येणाऱ्या, प्रत्येकाच्या वतीने बोलण्याचा हक्क एकट्या तिचाच असतो. तुम्ही मालकाशी स्वतंत्र करार करू शकत नाही. आणि हक्क एकटीचा म्हणून जबाबदारीही सगळ्यांची. सदस्य असो वा नसो, कुणाचंही प्रतिनिधित्व मनमानीने, भेदभावाने किंवा आकसाने करायला कायद्याने तिला मनाई आहे. तसं झालं तर सदस्य नसलेला कर्मचारीही बोर्डाकडे तक्रार करू शकतो. संपाचं मतदान घ्यायचं तर गटातल्या सगळ्यांना मत देण्याची रास्त संधी मिळायलाच हवी. सदस्य नसलेल्यांनाही. आता सांगा, ज्यांचा पत्ता माहीत नाही त्यांना ही संधी द्यायची कशी?

बर्नार्ड निकालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग इथेच आहे. न्यायालय म्हणतं की युनियनने आपलं न्याय्य प्रतिनिधित्व करावं हा हक्क कर्मचाऱ्याला सोडून देता येत नाही. सदस्यत्व नाकारता येतं. प्रतिनिधित्व नाकारता येत नाही, कारण ते तुमच्या मर्जीवर नाही, कायद्यावर उभं आहे. मालकाकडे सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी असते. त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्या युनियनकडे ती नसेल तर वाटाघाटी बरोबरीच्या राहत नाहीत.

‘ऑफिसचा ईमेल आहे की.’ ऑफिसचा ईमेल मालकाचा असतो. त्यावर काय पाठवायचं याचे नियम मालक ठरवतो आणि तो तपासूही शकतो. तिथे खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, हे बोर्डानेही नोंदवलं होतं. म्हणजे गोपनीयतेच्या नावाखाली हा मेसेज लोकांना सांगतो की, वरिष्ठाविरुद्धच्या तक्रारीबद्दल, आजारपणाबद्दल, छळाबद्दल युनियनशी जे बोलायचं ते मालकाच्या सर्व्हरवरून बोला. गोपनीयतेची खरीच काळजी असलेल्या कुणालाही हे भयंकर वाटायला हवं.

शिवाय ज्यांना युनियनची सर्वांत जास्त गरज असते तेच नेमके त्या ईमेलपासून लांब असतात: बाळंतपणाच्या रजेवर असलेली, दीर्घ आजाराच्या रजेवर गेलेला, निलंबित झालेला, मुदतीची नोकरी संपत आलेला. २०२० नंतर कितीतरी विभागांची माणसं घरून काम करू लागली. कॅन्टीनबाहेरचा नोटीसबोर्ड वाचणार कोण? १९ एप्रिल २०२३ ला पब्लिक सर्व्हिस अलायन्स या युनियनचा संप सुरू झाला तेव्हा दीड लाखाहून जास्त कर्मचारी त्यात होते. बहुतेकांसाठी तो १ मेला मिटला, रेव्हेन्यू एजन्सीच्या लोकांसाठी ४ मेला. संपावरच्या माणसाने कामाचा ईमेल उघडायचा नसतो. त्या दिवसांत पिकेट (संपकऱ्यांची निदर्शनं) कुठे, संपभत्ता कसा मिळणार, तडजोडीत काय ठरलं हे सगळं वैयक्तिक फोनवर आणि वैयक्तिक ईमेलवरच कळत होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर सरकारी नोकऱ्यांमध्ये कपात जाहीर झाली आहे. उद्या कुणाला नोटीस मिळाली तर त्याच्या हातात पर्याय निवडायला ठरावीकच मुदत असते. तेव्हा युनियनकडे त्याचा नंबर नसणं परवडणारं नाही.

अमेरिकेचा मुद्दा लवकर संपतो. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेडरल कर्मचाऱ्यांचे घरचे पत्ते युनियनला देता येणार नाहीत असा निकाल दिला, हे खरं आहे. पण तो तिथल्या कायद्यांच्या विशिष्ट रचनेमुळे. तिथला प्रायव्हसी अ‍ॅक्ट माहिती देण्याची वाट माहिती-अधिकाराच्या कायद्यातून काढतो, आणि त्या कायद्याचा उद्देश सरकार काय करतं हे जनतेला कळावं एवढाच आहे. कर्मचाऱ्यांचे पत्ते कळल्याने सरकारच्या कारभारावर प्रकाश पडत नाही, म्हणून ते नाकारले गेले. त्याच देशात २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिस काउंटीच्या कर्मचाऱ्यांबाबत नेमका उलटा निकाल दिला. सदस्य नसलेल्यांचेही पत्ते आणि फोन युनियनला द्यावे लागतील असं सांगितलं. एका ठिकाणच्या कायद्यावरून दुसऱ्या ठिकाणचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि यातला कुठलाच निकाल कॅनडावर बंधनकारक नाही.

आता शेवटचा मुद्दा, तो तयार ईमेल. तो पाठवून नाव निघत नाही. यादीतून बाहेर पडण्याचा पर्याय बोर्डाच्या आदेशात नाही, आणि का नाही ते वर आलंच.

पण या मेसेजमागची भीती मी झटकून टाकणार नाही. घरचा पत्ता हाती लागला की माणूस हाती लागतो. छळ करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणारी बाई, पाठलाग सोसलेली मुलगी, यांच्यासाठी पत्ता म्हणजे सुरक्षितता. बर्नार्ड प्रकरणातली माहिती म्हणूनच अटींसह दिली गेली. ती ठरावीक काळाने, तिमाहीला द्यायची, पासवर्ड किंवा एन्क्रिप्शनसह. ती फक्त युनियनच्या कायदेशीर कामासाठी आणि ज्यांना ती लागते अशाच पदाधिकाऱ्यांकडे जाईल. नवी यादी आली की जुनी नष्ट करायची. कर्मचाऱ्यांना हे कळवायचं.

उणीव कुठे आहे तेही सांगते, कारण मेसेज लिहिणाऱ्याला ती दिसलेलीच नाही. प्रायव्हसी अ‍ॅक्ट सरकारी संस्थांना बांधतो, युनियनला नाही. अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या खासगी क्षेत्रातल्या गोपनीयता कायद्यांच्या व्याख्येत कामगार संघटनाही येतात, पण सगळ्या प्रांतांत असं नाही. म्हणजे यादी सरकारच्या हातातून सुटली की तिचं रक्षण मुख्यतः बोर्डाच्या आदेशावर आणि त्या अटींवर टिकून असतं. यादी कुणाकडे आहे, कोणाच्या लॅपटॉपवर आहे, कुठल्या स्थानिक पदाधिकाऱ्याने ती उतरवून घेतली, पद सोडल्यावर पुसली का, हे प्रश्न युनियनला विचारण्याचा हक्क ड्यूज भरणाऱ्या प्रत्येकाला आहे आणि ते विचारले गेले पाहिजेत. मी स्वतः हे प्रश्न विचारते. त्याला आमच्यात कुणी शत्रुत्व समजत नाही.

तुमच्या बाबतीत खरंच सुरक्षेचा धोका असेल तर तो एचआरला आणि युनियनला लेखी कळवा. पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स किंवा वेगळा नंबर नोंदवता येईल का ते विचारा, आणि पुढच्या तिमाहीची यादी जाण्याआधी विचारा. सरकारी खात्याने अटींपलीकडे माहिती वापरली किंवा दिली असं वाटलं तर प्रायव्हसी कमिशनरकडे तक्रार करता येते. युनियननेच तुमच्याशी आकसाने वागल्याचं दिसलं तर बोर्डाकडे जा, पण वाट पाहू नका: घटना कळल्यापासून ९० दिवसांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते.