पॉझिटिव्हिटी खाली आली म्हणजे नक्की काय खाली आलं?

कुठलीही साथ आली की टीव्हीवर पहिला आकडा झळकतो तो "आज इतके नवे रुग्ण". टेस्ट किती केल्या, कुणाच्या केल्या, कुठल्या केल्या हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. मे 2025 मध्ये कोरोनाचे पेशंट परत थोडे दिसायला लागले तेव्हाही हेच, आणि दर पावसाळ्यात डेंग्यूच्या वेळीही हेच. एवढं सगळं सोसून आपल्याला आकडा वाचायची साधी सवयसुद्धा लागली नाही याचा मला खरंच राग येतो, म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढं जावं.

मी सांगली जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला स्टॅट्स शिकवते. 2020 ला कॉलेज बंद पडलं तेव्हा रोज संध्याकाळी आरोग्य खात्याची प्रेस नोट व्हॉट्सॅपवर फिरत यायची, ती मी एक्सेलमध्ये भरत बसायची. आधी वेळ जात नव्हता म्हणून, मग नादच लागला, घरचे म्हणायचे की भाकरी करपली तरी चालेल पण हिचा आकडा चुकता कामा नये.

तर त्या प्रेस नोटमध्ये रोज एक ठरलेलं वाक्य असायचं, आतापर्यंत तपासलेल्या इतक्या नमुन्यांपैकी इतके पॉझिटिव्ह, आणि पुढं टक्के, म्हणजेच पॉझिटिव्हिटी. सगळे पेपर, सगळे चॅनेल, सगळे ग्रुप तेच टक्के उचलायचे. आता यातला "आतापर्यंत" बघा. म्हणजे 9 मार्च 2020 ला पुण्यात पहिले दोन पेशंट सापडले तिथपासून आजपर्यंतचं सगळं एकत्र घुसळून काढलेली टक्केवारी. पाचवीपासूनचे सगळे मार्क एकत्र करून बारावीचा निकाल लावावा तसलाच प्रकार.

उदाहरण देते, आकडे ठोकळ घेतलेत. फेब्रुवारी 2021 च्या मध्याला राज्यात एकूण टेस्ट साधारण 1 कोटी 53 लाख, पॉझिटिव्ह साडेवीस लाखांच्या थोडं वर, म्हणजे साडेतेरा टक्के. एप्रिलअखेर टेस्ट 2 कोटी 71 लाख, पॉझिटिव्ह 46 लाख, म्हणजे सतरा टक्के. या दोन तारखांच्या मध्ये काय काय झालं ते आठवा. 18 एप्रिलला एका दिवसात 68,631 रुग्ण, रेमडेसिव्हिरसाठी रांगा, ऑक्सिजनच्या टँकरची वाट बघत बसलेली गावंच्या गावं. आणि प्रेस नोटमधले टक्के किती हलले? साडेतेराचे सतरा झाले, बस्स. पण नुसती वजाबाकी केली तर त्या अडीच महिन्यांत 1 कोटी 18 लाख टेस्ट आणि पंचवीस लाखांच्या वर पॉझिटिव्ह, म्हणजे एकवीस टक्क्यांच्या वर, आणि हीसुद्धा अडीच महिन्यांची सरासरीच, एप्रिलमधले मधले आठवडे वेगळे काढले तर आणखी वर. बरं उलटंही तसंच. नोव्हेंबर 2021 मध्ये वॉर्ड रिकामे होते, साथ जवळपास झोपलेली होती, आणि प्रेस नोट मात्र दहा टक्क्यांच्या वरच सांगत होती, कारण जुनं ओझं पाठीवर. ज्या आकड्यावर लोक घाबरायचे किंवा निवांत व्हायचे तो आकडा आज काय चाललंय ते सांगतच नव्हता.

यावर उपाय काय फार अवघड नव्हता. कालचे एकूण आजच्या एकुणातनं वजा करायचे आणि सात दिवसांची सरासरी घ्यायची, कारण रविवारी लॅब अर्ध्या बंद असतात त्यामुळं सोमवारचा आकडा कायम पडलेला असायचा आणि दर सोमवारी कुणीतरी "दिलासादायक बातमी" म्हणून ढकलायचंच. आमच्या अकरावीच्या पोरांना जमतं हे.

अमरावतीचं घ्या. 1 फेब्रुवारी 2021 ला मुंबईत लोकल ठराविक वेळेत सगळ्यांना खुली झाली, राज्यात रोजचे रुग्ण दोन-अडीच हजार, संपलं बाबा एकदाचं असाच मूड. आणि तिकडं अमरावतीत रोजची पॉझिटिव्हिटी सरळ चढत चाललेली. राज्याच्या आकड्यात एक जिल्हा विरघळून जातो, दिसतच नाही. 22 फेब्रुवारीला संध्याकाळी अमरावती आणि अचलपूरला लॉकडाऊन लागला तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला वाटलं की हे अचानक कुठनं आलं. अचानक काही नव्हतं हो. रोजचा आणि जिल्ह्याचा आकडा बघणाऱ्यांना ते दिसत होतं.

आता खरा मुद्दा, जो आमच्या घरात घडला.

जून 2021 ला सरकारनं पाच लेव्हल आणल्या. आठवड्याची पॉझिटिव्हिटी आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत यावरनं जिल्ह्याची लेव्हल ठरणार. पाच टक्क्यांच्या खाली आणि बेड पंचवीस टक्क्यांच्या आत असतील तर सगळं खुलं, पाच ते दहा टक्के असेल तर तिसरी लेव्हल, दहा ते वीस असेल तर चौथी, त्याच्या वर पाचवी. कल्पना चांगलीच होती, आंधळेपणानं अख्खं राज्य बंद ठेवण्यापेक्षा शंभर पटीनं चांगली. पाच टक्क्यांची रेघही हवेतनं आलेली नाही, मे 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं की दोन आठवडे पॉझिटिव्हिटी पाच टक्क्यांच्या खाली राहिली तर उघडायचा विचार करा. पण माझ्या दिराचं कापडाचं दुकान आहे. तिसऱ्या लेव्हलला त्याचं दुकान सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत उघडं, चौथ्या लेव्हलला पूर्ण बंद. म्हणजे 10.1 आणि 9.9 यांच्यामध्ये त्याच्या घरचा हप्ता अडकलेला. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात तेव्हा पॉझिटिव्हिटी उतरता उतरत नव्हती, व्यापारी वैतागलेले होते, आणि त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

मग सगळीकडं एकच वाक्य ऐकू यायला लागलं, टेस्टिंग वाढवा म्हणजे पॉझिटिव्हिटी खाली येईल. पुढारी म्हणायचे, व्यापारी म्हणायचे, साहेब लोक म्हणायचे. ऐकायला बरोबर वाटतं ना? मला मात्र ऐकल्या ऐकल्या कसंतरीच झालं, कारण टेस्ट वाढवण्याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पेशंटच्या घरातले, शेजारचे, त्याच्यासोबत कामाला असलेले सगळे शोधून त्यांचे स्वॅब घ्यायचे, याला माणसं लागतात, वेळ लागतो, आणि पहिल्या आठवड्यात पॉझिटिव्हिटी उलट वाढूही शकते. दुसरा म्हणजे आठवडी बाजारात टेबल टाकायचं आणि येईल त्याच्या नाकात काडी घालायची.

माझा मावसभाऊ शेजारच्या तालुक्यात एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. त्याच्याकडं दोन प्रकारचं काम असायचं. एक आरटीपीसीआरचं, म्हणजे स्वॅब घेऊन ट्यूब बर्फाच्या डब्यात भरून जिल्ह्याला पाठवायची, रिपोर्ट कधी दुसऱ्या दिवशी, कधी चार दिवसांनी, तोवर पेशंट गावभर हिंडून आलेला. दुसरं अँटिजेनचं, किटवर थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, नुसती सी ची रेघ उमटली तर निगेटिव्ह, टी ची पण उमटली तर पॉझिटिव्ह. तो सांगायचा, "ताई, आठवड्याचा शेवट आला की फोन येतंय, आज अँटिजेन वाढवा. मग काय, भाजीवाले, रिक्षावाले, पेन्शन काढायला आलेली म्हातारी, सगळ्यांची रांग. धडधाकट माणसं सगळी. दुपारपर्यंत दोनशे किट संपत्यात आणि पॉझिटिव्ह निघत्यात चार." फोन कुणाचा ते तो सांगत नव्हता, मीही विचारलं नाही.

अँटिजेन टेस्ट वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही. जून 2020 मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, तिला परवानगी दिली तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की पॉझिटिव्ह आली तर पक्की समजा, पण लक्षणं आहेत आणि निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर कराच. कारण त्यांच्याच तपासणीत ती खऱ्या पेशंटपैकी साधारण पन्नास ते चौऱ्याऐंशी टक्केच पकडत होती. म्हणजे दोघातला एकजण सुटूही शकतो. अशी टेस्ट, तीही लक्षणं नसलेल्या माणसांवर, आणि तिचे निकाल आरटीपीसीआरच्या निकालात मिसळून एकच टक्केवारी! हे गणित करून बघा.

समजा एका आठवड्यात हजार टेस्ट केल्या. पाचशे आरटीपीसीआर, त्यात वीस टक्के पॉझिटिव्ह म्हणजे शंभर. पाचशे अँटिजेन, त्यात सहा टक्के म्हणजे तीस. एकूण 130, पॉझिटिव्हिटी 13 टक्के, चौथी लेव्हल, दिराचं दुकान बंद. पुढच्या आठवड्यात आरटीपीसीआर अडीचशे आणि अँटिजेन साडेसातशे. साथ जशीच्या तशी, वीस टक्के आणि सहा टक्केच. पन्नास अधिक पंचेचाळीस, 95. पॉझिटिव्हिटी साडेनऊ. तिसरी लेव्हल, शटर वर! एकही पेशंट कमी झालेला नाही, एकही माणूस बरा झालेला नाही, फक्त किटचं प्रमाण बदललं. आणि यात कुणी खोटा आकडा लिहिलेला नाही हे लक्षात घ्या. सगळं खरं, सगळं नोंदवलेलं.

सरकारच्याही हे लक्षात आलं असणार, कारण 25 जून 2021 च्या आदेशात डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या भीतीनं सगळे जिल्हे किमान तिसऱ्या लेव्हलला आणले आणि सोबत सांगितलं की पॉझिटिव्हिटी यापुढं फक्त आरटीपीसीआरवरनंच धरायची. ज्यानं कुणी ती ओळ आदेशात घातली त्याला माझा नमस्कार. पण तोवरचे आठवडे गेले ते गेलेच. आणि फक्त आरटीपीसीआर धरली म्हणून सगळं सरळ झालं असंही नाही, कारण मग आरटीपीसीआर कुणाची करायची हा प्रश्न उरतोच.

टेस्ट कोण करून घेतो यावरही किती अवलंबून असतं बघा. सुरुवातीला खासगी लॅबमध्ये आरटीपीसीआर साडेचार हजाराला होती, मग राज्य सरकारनं उतरवत उतरवत मार्च 2021 च्या शेवटी पाचशेवर आणली. साडेचार हजार असताना कोण जाणार? ज्याला श्वास लागलाय तो, नाहीतर ज्याच्याकडं पैसा आहे तो. आमच्याकडं तर लोक स्वॅबला घाबरायचे, पॉझिटिव्ह आलो तर उचलून कोविड सेंटरला नेतील, घरावर बोर्ड लावतील, गाव वाळीत टाकल्यासारखं करील. ती भीती कुठल्या रकान्यात भरायची? जुलै 2020 च्या मुंबईतल्या तीन वॉर्डच्या सिरो सर्व्हेत, म्हणजे रक्त तपासून केलेल्या पाहणीत, झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी (कोरोना होऊन गेल्याची खूण) सापडल्या आणि सोसायट्यांमध्ये 16 टक्के. पुण्यात पाच प्रभागांत निम्म्याहून जास्त. म्हणजे आपण रोज मोजत होतो त्याच्या कितीतरी पट साथ न मोजताच येऊन गेलेली. म्हणून मला रोजच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची वाटते, पण दिशा तेव्हाच खरी जेव्हा मोजायची पद्धत दर आठवड्याला बदलत नाही.

ओमायक्रॉनच्या वेळी तर मोजपट्टीच वितळली. जानेवारी 2022 मध्ये घरोघरी सेल्फ टेस्ट किट, अडीचशे रुपयाला मेडिकलमध्ये, लोक बाथरूममध्ये टेस्ट करून मोकळे, ॲपवर निकाल टाकायचा असतो हे माझ्या ओळखीत तरी फार कुणी केलं नाही. मुंबईत महापौर म्हणाल्या होत्या की रोजचे वीस हजार ओलांडले तर लॉकडाऊनचा विचार, 7 जानेवारीला 20,971 झाले, पॉझिटिव्हिटी 29 टक्के, आणि लॉकडाऊन लागला नाही कारण बेड रिकामे होते. बरोबर निर्णय होता माझ्या मते. तोवर सरकार ऑक्सिजन किती लागतोय याकडं बघायला लागलं होतं, राज्याची गरज 700 टनांवर गेली तर लॉकडाऊन असं ऑगस्ट 2021 मध्येच ठरवलेलं. ऑक्सिजनचा आकडा बाजारात टेबल टाकून खाली आणता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आणि आता हे सगळं पोरांना शिकवायचं म्हणून मी परत डेटा शोधायला बसले तर काय, सगळं इमेज आणि पीडीएफमध्ये. रोजचे आकडे हातानं टाइप करून ठेवणारी कोविड१९इंडिया या वेबसाइटची ती व्हॉलंटियर पोरं होती म्हणून देशाचा काहीतरी हिशोब एका जागी राहिला, त्यांनीही 31 ऑक्टोबर 2021 ला थांबवलं, किती दिवस फुकट करणार बिचारे. पण आरटीपीसीआर किती आणि अँटिजेन किती, दोन्हीचे पॉझिटिव्ह वेगवेगळे, तालुक्याप्रमाणे, हे मला अजून कुठं नीट सापडलेलं नाही. मला वाटतं पुढच्या साथीला सरकारनं बाकी काही नाही केलं तरी चालेल, रोज एका साध्या फाइलमध्ये एवढे चार रकाने टाकावेत. डेंग्यूचं तर आत्तापासून करता येईल. खासगी लॅबमधल्या रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेला पेशंट सरकारी आकड्यात "संशयित"च राहतो, एलायझा ही लॅबमधली रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तरच पक्का धरतात. त्यालाही कारण आहे, मान्य, पण मग संशयित किती आणि त्यातल्या किती जणांची एलायझा झाली हे तरी शेजारी छापा ना.

बारावीच्या पोरांना यंदा प्रोजेक्ट दिलाय, एप्रिल ते जुलै 2021 चा आपल्या जिल्ह्याचा दोन रेघांचा ग्राफ, आरटीपीसीआरची वेगळी, अँटिजेनची वेगळी. माझ्या शीटमध्ये जूनचे बरेच दिवस कोरे आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या जिल्ह्याच्या रोजच्या पीडीएफ कुणाच्या जुन्या फोनमध्ये, कुठल्या पत्रकार मित्राकडं, आशाताईंच्या ग्रुपवर पडून असतील तर इनबॉक्स करा. पेशंटची नावं असलेली यादी मात्र नको, फक्त आकडे. फोटो अस्पष्ट असला तरी चालेल, पोरं वाचतात.