जावक क्रमांकाशिवाय पृथ्वी वाचत नाही

परग्रहावरच्या सरकारात आवक-जावक असते की नसते, यावर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गणपती उठल्यापासून भांडण जुंपलं आहे आणि जो तो मला साक्षीला ओढतो आहे. निमित्त भाच्याच्या एकांकिकेचं. त्याने आणि त्याच्या इंजिनिअरिंगच्या टोळक्याने ती सहकारनगरच्या आमच्या सोसायटीच्या मांडवात केली. मी इथे जर्मनीत फोनवर पाहिली; निम्मा वेळ पडद्यावर कुणाचा तरी आंबाडा होता.

गोष्ट अशी. दुसऱ्या ग्रहाचा एक हेर वर्षानुवर्षं पुण्यात वेष पालटून राहतो आहे. शिवाजीनगर कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो, गिऱ्हाईकाच्या इंग्रजीतल्या चुका काढतो, सुटे देत नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. वर घिरट्या घालणाऱ्या यानाला पावसाळ्यात मुठेच्या काठी ढोल ऐकू येऊ लागतात. शेकडो पोरंपोरी, रांगेत, रोज संध्याकाळी. यानातले समजतात, युद्धाची तयारी. हल्ल्याचा प्रस्ताव तयार होतो. हेर जीव तोडून सांगतो की अहो, हा पथकांचा सराव आहे. यांचं भांडण असलंच तर लक्ष्मी रस्त्यावर आधी कोण जाणार, एवढंच आहे. वरून विचारणा होते: मागील अहवालाचा जावक क्रमांक काय? आणि सदर अहवाल मंडलप्रमुखांमार्फत का आला नाही? मंडलप्रमुख रजेवर. थेट सेनापतींशी बोलावं इतकी हेराची श्रेणी नाही. शेवटी पुणं वाचतं, पण हेरामुळे नव्हे. हल्ल्याच्या फाईलवरही त्याच मंडलप्रमुखांची सही लागते.

मला फार आवडली. काकांना नाही. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यानंतर सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला राहून आले आणि तेव्हापासून त्यांना जगाची कल्पना आली आहे. त्यांचं म्हणणं, जे लोक तारे ओलांडून येतात ते जावक क्रमांक मागणार नाहीत. हा रोग फक्त आपला. पोराने आपली घाण उचलून परग्रहावर टाकली. दुसऱ्या काकांनी बहिर्जी नाईकांना आणलं: ते थेट महाराजांना भेटत, मध्ये मंडलप्रमुख नसे. (आमच्याकडे कुठलाही वाद सातव्या मेसेजपर्यंत शिवकाळात पोचतो.) एका मावसभावाने ‘एलियन तर तूच’ असं लिहून हसरे चेहरे टाकले, हा विनोद मी इथे आल्यापासून ऐकतो आहे, त्यामुळे पुढे जाऊ. मग काकांनी मला पुकारलं: ‘सांग रे यांना, तिकडे असं चालतं का?’

चालतं, काका.

माझं निवासाचं कार्ड नवं करायचं होतं. अर्ज रीतसर, टेर्मिन (म्हणजे भेटीची ठरवून दिलेली वेळ) रीतसर, बोटांचे ठसे दिलेले. पत्र आलं की कार्ड तयार आहे. मी जाऊन उभा राहिलो. खिडकीपलीकडे बाईंच्या हाताशी करड्या रंगाचा ट्रे होता आणि त्यात वरूनच तिसरं कार्ड माझं होतं. फोटोतला तो चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट बायकोने नको म्हटलेला, मी कुठूनही ओळखीन. बाई म्हणाल्या, कार्ड देण्याचं काम सहकारी बाईंकडे आहे, त्या सुट्टीवर आहेत. त्यांच्या बदली? त्या फक्त आडनावाच्या अ ते क अक्षरांपुरत्या. मी कार्डाकडे बोट दाखवलं. बाईंनीही कार्डाकडे पाहिलं, मान डोलावली, ‘हो, हे तुमचंच’ म्हणाल्या आणि पुढच्या टेर्मिनची चिठ्ठी दिली. आवाजात किंचितही उर्मटपणा नाही. शनिवार-रविवार चांगला जावो, असंही म्हणाल्या. आणि जर्मनच असं करतात असं नाही. माझ्या जिन्यावर केरवोखंची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीची, पाटी लटकली की शेजारचे आजोबा ज्या नजरेने बघतात तीच नजर आता माझीही झाली आहे.

आता पुण्याचं सांगतो. वडील गेल्यानंतर एका दाखल्यासाठी मी एका कचेरीत गेलो होतो. तिथेही साहेब नव्हते, फाईल वर गेली होती, उद्या या, सगळं काकांना अपेक्षित तसंच. पण मी परत निघालो तर शिपाईमामा मागून जिन्यात आले. ‘परदेशातून आलाय ना? थांबा जरा, साहेब जेवून येतायत.’ साहेब पार्किंगमध्ये दिसताच मामांनी कागद त्यांच्यापुढे धरला, साहेबांनी अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर ठेवून सही केली, शिक्क्याची शाई सीटला लागली म्हणून मामांना दोन शब्दही सुनावले. मामांना काय द्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. मुद्दा असा की भाच्याचा हेर पुण्याच्या कुठल्याही कचेरीतून काम करून घेऊन बाहेर पडला असता. अडकला असता तो आमच्या श्वाबेनमध्ये, जर्मनीच्या या आमच्या भागात.

काका यावर बर्लिनची भिंत काढणार, मला ठाऊक होतं; काढली. ९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री बोर्नहोल्मर स्ट्रासच्या नाक्यावर हाराल्ड येगर नावाचा पूर्व जर्मनीचा अधिकारी वरिष्ठांना फोनवर फोन करत होता. बाहेर गर्दी फुगत होती आणि वरून धड हुकूम येत नव्हता. रात्री साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडायला लावलं. बघ, काका म्हणतात, खालच्या माणसाने निर्णय घेतला! घेतला ना. पण आख्खं राज्य कोसळायला आल्यावर. आणि त्याचं नाव आजही निघतं, कारण इथे असं रोज घडत नाही.

मी त्यांना उलट १९०६ सालचा व्हिल्हेल्म फोख्ट पाठवला. हा चांभार, बरीच वर्षं तुरुंगात काढलेला. त्याला बर्लिनमध्ये राहायची परवानगी नाकारलेली. त्याने जुन्या बाजारातून कॅप्टनचा गणवेश जमवला, रस्त्यात दिसलेले शिपाई हुकूम देऊन बरोबर घेतले, क्योपेनिकच्या नगरभवनात जाऊन महापौरालाच अटक केली आणि तिजोरीतले पैसे रीतसर पावती देऊन नेले. कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण. दोन वर्षांनी कैसरने त्याला माफी दिली; आज त्याच नगरभवनाच्या दारात त्याचा पुतळा आहे. भाच्याच्या हेराचं चुकलं ते इथे. तो उतरंडीच्या तळाला झेरॉक्स काढत बसला, मंडलप्रमुखाचा वेष घेऊन उतरायला हवा होता.

राहिला ‘प्रगत लोक असं करत नाहीत’ हा मुद्दा. याच बाबतीत पृथ्वीवरच्या प्रगत लोकांनी काय ठरवलं आहे? इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ अ‍ॅस्ट्रोनॉटिक्सने १९८९मध्येच एक जाहीरनामा केला. परग्रहावरून खरोखर संदेश आला तर आधी इतरांकडून खातरजमा करा, मग खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना कळवा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर देऊ नका. म्हणजे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, त्यांना उद्या आकाशातून कुणी नमस्कार केला तर आपल्या माणसाने उलट नमस्कार करायच्या आधी न्यूयॉर्कला विचारायचं. जाहीरनामा कायद्याने बांधणारा नाही. पण योग्य त्या मार्गाने जाणारी माणसं कायद्याची वाट कुठे बघतात?

काकांना एक गोष्ट मात्र मी मान्य केली, आणि ती त्यांना सुचलेलीही नव्हती. अंतर वाढलं की हुकूम कुचकामी होतो. नासाच्या व्हॉयेजर-१ यानाला एक निरोप पोचायला २२ तासांहून जास्त लागतात. तिथे बिघाड झाला तर यानाने आधी स्वतःच स्वतःला सांभाळायचं, विचारत बसायचं नाही. तेव्हा खरंच तारे ओलांडून माणूस पाठवणारे असतील तर त्याला थोडी मोकळीक देतील. नाहीतर तो पोचेल, सगळं समजून घेईल, पुण्याचं इंगित त्याला कळेल आणि त्या कळण्याचा कुणालाच उपयोग होणार नाही.

हे मी तावातावाने लिहिलं, रात्री, इथले सगळे झोपल्यावर. लिहिताना मजा येत होती आणि ती कशाची होती हेही कळत होतं. मला बोलावलं होतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्याकडे भारताबद्दल विचारतात: लग्नं खरंच घरचे ठरवतात का, पाणी प्यावं का. जर्मनीतल्या निवडणुकीवर टेबलावर वाद रंगतो तेव्हा मी बटाटे खातो. आणि पुण्याची माणसं मला जर्मनीबद्दल विचारतात. दोन्हीकडे मी दुसरीकडचा तज्ज्ञ. काकांवर मी चिडतो ते त्यांचं चुकतं म्हणून तितकंसं नाही. त्यांनी कधी मेट्रोबद्दल, नदीकाठाच्या कामाबद्दल, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरबद्दल माझं मत मागितलं नाही म्हणूनही असेल. मागितलं असतं तर मी काय सांगितलं असतं? तिथे मेट्रो धावायला लागल्याचंही मला फोटोंवरून कळलं.

आमची सोसायटी आता रिडेव्हलपमेंटला चालली आहे. त्याचा ग्रुप वेगळा आहे, त्यात मी नाही. फ्लॅट आईच्या नावावर, मुखत्यारपत्र धाकट्या भावाकडे, सगळं सोयीचंच. परवा आईशी बोलताना कळलं की आपल्याला तळजाईच्या बाजूचा फ्लॅट मिळतो आहे. मी लगेच भावाला फोन लावला, म्हटलं, अरे, पर्वतीची बाजू माग, आईला सकाळी गॅलरीत बसायची सवय आहे.

‘दादा, सभा झाली,’ तो म्हणाला. ‘इतिवृत्तसुद्धा लिहून झालं. आणि आईनेच ही बाजू मागितली, पर्वतीकडून गाड्यांचा आवाज फार येतो म्हणाली.’