जिन्यातील दिवा (जादा वापर) : ४० रु.

या महिन्याच्या, म्हणजे फेब्रुवारी २०२५ च्या, मेंटेनन्सच्या बिलात एक नवी ओळ आली आहे. पाणीपट्टी, झाडलोट, सिंकिंग फंड आणि त्याखाली निळ्या शाईत, हाताने लिहिलेलं: 'जिन्यातील दिवा (जादा वापर) : ४० रु.' बारा फ्लॅटच्या आमच्या सोसायटीत ही ओळ फक्त माझ्या बिलात आहे. बाकीच्या अकरा जणांची बिलं मी त्यांच्या लेटरबॉक्समधून काढून पाहिली आणि परत ठेवली, म्हणून खात्रीने सांगतो.

दिवा ९ वॉटचा आहे. मी जिन्यात बसलो ३ तास. युनिटला अगदी १० रुपये धरले तरी वीज झाली २७ पैशांची. मग ३९ रुपये ७३ पैसे कसले?

जिन्यात का बसलो होतो, ते थोडक्यात. मी आर्सेनलचा. कोथरूडच्या माणसाने लंडनच्या क्लबसाठी जीव का जाळावा, हा प्रश्न बायकोने विचारून झालेला आहे. २००४ साली ते एकही सामना न हरता लीग जिंकले तेव्हा मी कॉलेजात होतो, तेव्हापासून पुढच्या लीगची वाट बघतोय, इतकंच. यंदा जानेवारीत खेळाडू घेण्याची मुदत ३ फेब्रुवारीला रात्री ११ वाजता संपत होती. त्यांचे ११ म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. आमचे गोल मारणारे दोघं जायबंदी: साका डिसेंबरपासून मांडीच्या दुखण्याने घरी, जेझुसचा गुडघा १२ जानेवारीला गेला. पुढे गोल मारायला कुणीतरी घ्या हो, एवढंच मागणं होतं. बेडरूममध्ये फोनचा उजेड चालत नाही, हॉलमध्ये सासूबाई झोपलेल्या. राहिला जिना.

चारला दहा कमी असताना पहिल्या मजल्यावरची कडी वाजली. तिथे काका राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त आणि सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी. रोज पहाटे वेताळ टेकडीला जातात. माकडटोपी, मफलर आणि कुत्र्यांसाठी काठी. त्या दिवशी काठी आधी माझ्यावर रोखली गेली.

"कोण आहे?"

"मीच काका. दुसरा मजला."

"ते दिसतंय. घरात घेत नाहीयेत का?"

"तसं नाही. खिडकी बंद व्हायची वाट बघतोय."

काकांनी जिन्याच्या खिडकीवर टॉर्च मारला. "ती बंद होत नाही. पावसाळ्यात बिजागरी गेली. ४८० रुपयांचं कोटेशन आलंय. एका सभासदाचा विरोध नोंदवलेला आहे."

तो सभासद मी. मी घाईने म्हणालो, "ही नाही हो. ट्रान्सफरची खिडकी. फुटबॉलमधली."

दुसरा कुणी असता तर 'बरं बरं' म्हणून टेकडीला लागला असता. पण पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसासमोर ट्रान्सफर हा शब्द काढायचा नसतो, हे मला आता कळलंय. काकांनी काठी भिंतीला टेकवली, पायरीवर हातरुमाल पसरला आणि त्यावर बसले.

"बदल्या? फेब्रुवारीत?"

"हो, सीझनच्या मधेच."

"मध्यावधी. नियमात बसत नाही. २००५ चा कायदा आहे. बदल्या करायच्या त्या एप्रिल-मेमध्ये. मधेच करायची तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं. काय कारण नोंदवलंय?"

"दोघं जायबंदी आहेत."

"मेडिकल." काकांनी मान हलवली. "मंजूर पदं किती?"

मी आधी नुसता बघत राहिलो. मग लक्षात आलं की प्रश्न बिनचूक आहे. "पंचवीस," म्हटलं. "एकवीसच्या आतली पोरं त्यात धरत नाहीत. ती कितीही ठेवता येतात."

"उमेदवार. त्यांना कोण विचारतंय? गोल मारण्याची पदं किती?"

"चार म्हणा."

"त्यातली दोन रिक्त. म्हणजे ५० टक्के. मग काम कोण ओढतंय?"

"आहेत तेच. दर तीन-चार दिवसांनी सामना."

"अतिरिक्त कार्यभार," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही खोल दुःख होतं की मी फोन मांडीवर पालथा घातला.

पंधरा वर्षं मी इंग्रज पंडितांचं 'स्क्वॉड डेप्थ, स्क्वॉड डेप्थ' ऐकतोय, म्हणजे बदली खेळाडू पुरेसे हवेत. तासातासाच्या चर्चा, बाण काढलेले फळे, आलेख. त्यातल्या एकालाही हे दोन शब्द सुचलेले नाहीत.

"बरं, हवा कोण आहे?"

"ॲस्टन व्हिलाचा वॉटकिन्स. आम्ही बोली लावली, ते नाही म्हणाले."

"कार्यमुक्त करत नाहीत."

"अगदी! आणि लहानपणी तो आमचाच चाहता होता म्हणे."

"मग विनंती बदली होते. अर्ज करायला सांगा. तरी सोडलं नाही तर मॅटमध्ये, प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं."

"तिथे मॅट नाही, काका."

"म्हणूनच अडलंय."

मी सांगितलं, याच व्हिलाने आमचा माणूस अडवून धरला आणि स्वतः मात्र रॅशफर्ड आणला, असेन्सिओ आणला, दोन्ही लोनवर. 'लोन म्हणजे फेडतं कोण' इथपासून सुरुवात झाली. मी समजावलं की खेळाडू मूळ क्लबचाच राहतो, फक्त काही महिने दुसरीकडे खेळतो आणि पगार दोघं वाटून घेतात. काकांनी हात वर करून मला थांबवलं. "प्रतिनियुक्ती म्हणा ना. एवढं फिरवून काय सांगताय?"

मग पैशांचा विषय निघाला. मँचेस्टर सिटीने त्याच रात्री पोर्तोचा निको गोन्झालेझ उचलला होता, ५ कोटी पौंडांना. मी रुपयांत सांगितलं, पाचशे कोटींच्या वर. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्यात कालव्याचं अस्तरीकरण होतं." कुठला कालवा ते त्यांनी सांगितलं नाही. एका खेळाडूच्या पायांत किती किलोमीटर कालवा मावतो याचा ते मनात हिशेब करत असावेत.

चार वाजून दहा मिनिटं. फोनमध्ये काही हलत नव्हतं. वेळ जावा म्हणून मी २०१४ सालच्या श्येल्स्ट्रॉमची गोष्ट काढली. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी आर्सेनलने हा एकच माणूस आणला, तोही लोनवर. वैद्यकीय तपासणीत पाठीचं हाड मोडलेलं निघालं. वाळूवर फुटबॉल खेळताना पडला होता. दुसरा शोधायला वेळच नव्हता, म्हणून तसाच घेतला. एकूण चार सामने खेळला.

"रुजू झाल्या झाल्या मेडिकल," काका हसले. पहिल्यांदाच. "आमच्याकडे एक होता. रुजू रिपोर्ट आणि रजेचा अर्ज एकाच टाचणीत लावून आणला होता."

आणि मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. ऐन जानेवारीत, खडकवासल्याहून उचलून थेट पैठणला, जायकवाडीवर. २००५ चा कायदा तेव्हा कुठे होता? मुलगी दहावीला, आई अंथरुणाला. आदेश संध्याकाळी आला, दुसऱ्या दिवशी चार्ज द्यायचा. "तुमच्या त्या वॉटकिन्सला निदान विचारलं तरी," म्हणाले. त्यांच्या जागी कुणी आलं का, असं मी विचारलं. "दीड वर्ष पद रिक्त. शेजारच्या टेबलवाल्याने ओढलं. त्याला शुगर लागली."

यावर काय बोलायचं? मी 'अरेरे' म्हटलं.

"पण काय हो," काका अचानक म्हणाले, "आपल्या पुण्याचा नाही का एखादा क्लब? एवढं लंडनपर्यंत जायचं ते?"

हा प्रश्न पहाटे सव्वाचारला विचारायचा नव्हता. होता ना. पुणे एफसी होता, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता. मग २०१४ ला इंडियन सुपर लीग आली आणि एफसी पुणे सिटी निघाला. त्या वर्षी मी बालेवाडीला त्रेझेगेला बघितलंय. १९९८ ला फ्रान्सबरोबर वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, २००० च्या युरो कपच्या फायनलमध्ये इटलीविरुद्ध गोल्डन गोल, म्हणजे सामना तिथेच संपवणारा गोल, मारणारा, आणि मी त्याला बघायला पिरंगुटहून परतणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्यांमधून दीड तास स्कूटर काढत गेलो होतो. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा वडिलांना विचारत होता, "बाबा, सचिन कधी येणार?" तरी मी जात राहिलो. २०१९ ला क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. खेळाडू विकले जातात हे मला मान्य आहे. पण आपण ज्याच्यासाठी घसा बसवला ती जागाच दुसऱ्या शहराला जाते, आणि आपल्याला कुणी साधं एक पत्र पाठवत नाही. तो नारिंगी स्कार्फ आता सासूबाई गुडघ्याला बांधतात.

"कार्यालयच हलवलं," काका म्हणाले. "ते सगळ्यात वाईट."

साडेचार वाजले. मी पान ताजं केलं. पुन्हा केलं. आर्सेनलसमोर काहीच नव्हतं. अख्ख्या महिन्यात एकही नाही.

"काय झालं?"

"काही नाही. कुणालाच नाही घेतलं."

"फाईल वर अडकली असणार." काका उठले, हातरुमाल झटकून घडी केली, काठी घेतली. खालून आवाज आला, "दिवा बंद करून जा."

बंद करून गेलो. हे मी शपथेवर सांगतो, कारण दुपारी फळ्यावर सूचना लागली: 'काही सभासद रात्री-अपरात्री जिन्यात बसून परदेशातील बदल्या पाहतात, असे निदर्शनास आले आहे. जिना ही सामायिक जागा आहे. बदल्या आपापल्या घरात पाहाव्यात.' काही सभासद! आम्ही दोघं बसलो होतो, त्यातला एक सूचना लिहितो आणि 'काही सभासद' फक्त मी? सहाव्या फ्लॅटमधल्या वहिनींनी बायकोला विचारलं, "बदली झाली का ह्यांची? कुठे?" बायकोने दोन दिवस माझ्याशी फक्त गॅसच्या नंबराबद्दल बोलणं ठेवलं.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. ५ तारखेला न्यूकॅसलला मार्टिनेलीची मांडी गेली आणि कपातूनही बाहेर. मग टीमला ऊन मिळावं म्हणून दुबईला नेलं, तिथे सरावात हॅवर्ट्झची मांडी गेली. साका, जेझुस, मार्टिनेली, हॅवर्ट्झ. चार पदं, चारही रिक्त. ज्यांनी महिनाभर एक माणूस घेतला नाही त्यांच्यापैकी कुणाच्या बिलात ४० रुपये लागले असतील असं मला वाटत नाही.

परवा शनिवारी लेस्टरला सामना होता, आपल्या सहाच्या सुमाराला. म्हणजे राजरोस, घरात, सोफ्यावर. गोल होईना. शेवटी मेरिनोला उतरवलं. हा मधल्या फळीतला. त्याला पुढे स्ट्रायकर म्हणून उभं केलं आणि त्याने ८१ व्या आणि ८७ व्या मिनिटाला दोन गोल मारले. मी असा ओरडलो की सासूबाईंच्या गुडघ्यावरचा स्कार्फ सुटला.

काल सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना काका भेटले. मी स्वतःहून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मूळ टेबल कुठलं त्याचं?"

"मधल्या फळीचं."

"आणि जादा चार्जवर दोन गोल?"

"दोन!"

"वाईट झालं."

"वाईट कसं? जिंकलो की."

"आता ते पद भरतील का? काम होतंय म्हणतील." काकांनी पिशवी उलटी करून तारीख बघितली. "त्याला साखर तपासून घ्यायला सांगा."

मी खिशातून बिल काढलं आणि निळ्या शाईवर बोट ठेवलं. २७ पैशांचा हिशेब मांडला. काका जरासुद्धा हलले नाहीत.

"तो बिजागरीचा हिस्सा आहे. ४८० भागिले १२. बाकी अकरा जणांनी दिवाळीतच दिलेत. 'खिडकी' या शीर्षाखाली तुमचा विरोध नोंदवलेला, म्हणून 'दिवा' शीर्षाखाली वसूल केले. लेखापरीक्षणात चालतं."

तिथल्या तिथे चाळीस रुपये दिले आणि पावती मागून घेतली. खिडकी मात्र अजून सताड उघडी आहे. सुतार गावाला गेलाय आणि त्याच्या जागी दुसरा कुणी नाही.