भिशीच्या पैशात सिंथेसायझर

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे मॉड्यूल नावाचे सुटे भाग पेटीत बसवून, वायरींनी एकमेकांना जोडून वाजवायचं विजेचं वाद्य. तो घ्यायचा म्हटलं, की सगळ्यात आधी जी वस्तू घ्यावी लागते ती वाजतच नाही. ती असते पेटी, रिकामी. मग पेटीला अधिक-उणे बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय. तोही वाजत नाही. मग साडेतीन मिलिमीटरच्या पिनांच्या वायरी, त्याही मुक्या. भिशीचे चाळीस हजार हातात आले आणि मी हिशेब मांडला, तर निम्मी रक्कम शांततेवरच चालली होती. सोलापूरच्या पूर्व भागात, रात्रंदिवस मागांच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसाला एवढी महाग शांतता परवडत नाही.

या सिंथेसायझरचा युरोरॅक हा प्रकार जर्मनीच्या डीटर डोप्फरनं नव्वदच्या दशकात आणला. सगळ्या मॉड्यूलांची उंची एकच, 128.5 मिलिमीटर. रुंदी मात्र एचपीत मोजायची. एक एचपी म्हणजे 5.08 मिलिमीटर. मी कागदावर पेटीची रुंदी '84 एचपी' लिहिली आणि नेमका तेव्हाच मोहोळहून मेव्हणा आला.

"चौऱ्याऐंशी? दाजी, आमच्या विहिरीवर पाचची मोटर हाय. तुम्ही काय उजनी उपसायलाव का?"

त्याला समजावण्यात चहा गार झाला. समजलं नाहीच, पण जाताना सबसिडी मिळते का, ते विचारून गेला.

खरी रड पुढे. एखादा बरा ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं मॉड्यूल, वेबसाइटवर युरोत पाहिला की स्वस्त वाटतो. मग रुपये करा, कुरिअर धरा, कस्टम धरा, आणि आपण ती पानं पुन्हा उघडायची नाहीत असं ठरवून शेंगा चटणी-भाकरी खायला बसा. बायकोनं आकडा ऐकून एवढंच विचारलं, "अहो, हार्मोनियमला कस्टम लागतं का?" तिचा हा स्वभाव मला आवडत नाही.

म्हणून आधी फुकटात सराव. व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर आहे, सगळी मॉड्यूलं पडद्यावर दिसतात, वायरीसुद्धा लोंबतात. मी ऑसिलेटर थेट स्पीकरला जोडला. सूर लागला आणि लागलेलाच राहिला. ऑसिलेटरला थांबणं माहीतच नसतं; त्याचा आवाज वरखाली करायला व्हीसीए लागतो, आणि तो कधी उघडायचा, कधी मिटायचा हे त्याला सांगायला एन्व्हलप. स्वतः आवाज न करणाऱ्या आणखी दोन वस्तू! स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, गिरणी सुटली का? भोंगा बंद करा तो."

अप्पांना मात्र यात रस निघाला. त्यांची हयात यंत्रमागावर जॉबर म्हणून गेली. सूर ठरलेल्या क्रमानं आपोआप वाजवणारा सिक्वेन्सर दाखवला तर म्हणाले, "हे तर जॅकार्ड. पत्त्याला भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. चादरीवरचा मोर असाच निघतोय." खरंच, सिक्वेन्सर म्हणजे तेच, फक्त दोऱ्याऐवजी व्होल्टेज वर जातं, एका व्होल्टाला एक सप्तक. मग चष्मा लावून त्यांनी माझा कागद ओढून घेतला. कुठलं मॉड्यूल किती मिलिअँपिअर ओढतं, याची बेरीज मी केलीच नव्हती. त्यांनी कॅलेंडरच्या मागे केली. मॉड्यूलला वीज देणाऱ्या पट्टीकेबलची लाल तार उणे बाराच्या बाजूला यायला हवी आणि केबल उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं, हे ऐकून त्यांनी घरातल्या कुणीही पेटीला हात लावायचा नाही असा हुकूम काढला. त्या कुणीहीत मीही आलो.

शेवटी पेन्सिल घेऊन त्यांनी व्हीसीए एकाचे दोन केले आणि माझा जीव की प्राण असलेला रिव्हर्ब खोडला.

"अप्पा, तो पाहिजेच. त्यानं आवाज घुमतो."

"वर पत्रा हाय की," ते म्हणाले. "फुकट घुमतंय."