नसलेल्या पडद्यावरचा लॉगिन

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू झाल्याबद्दल जाहीर आभार मानले गेले. सेक्रेटरीकाकांच्या पुतण्याचे! पुतण्या बंगळुरात असतो. त्याने फोनवर 'फॉरमॅट मारून बघा' एवढंच सांगितलं होतं. असो.

त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड २०१० च्या सुमाराचा. ॲटम डी५२५, एनएम१० चिपसेट, जीएमए ३१५० ग्राफिक्स, रॅम ४ जीबीच्या वर घेत नाही. विंडोज ७ ची फुकटची अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला बंद झाली. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती यावर बूटसुद्धा होत नाही, कारण तिला लागणारी पॉपकाउंट इन्स्ट्रक्शन या ॲटममध्ये नाही. नवा डबा घ्यायचा तर जनरल बॉडी बोलवा. त्यापेक्षा लिनक्स बरं.

इन्स्टॉल बिनबोभाट झालं. रीबूट केल्यावर डोंगराचा वॉलपेपर आला आणि पुढे काहीच नाही. लॉगिनची चौकट नाही, वरची पट्टी नाही. माउसचा बाण मात्र फिरत होता, आणि डावीकडे ढकलला की पडद्याच्या कडेबाहेर चालता होत होता.

"फोटो छान आहे," काका म्हणाले. "पण मेंटेनन्सची बिलं कुठून काढायची?"

"काका, त्याला वाटतंय की डावीकडे अजून एक मॉनिटर आहे. लॉगिन तिकडे उघडलाय."

काकांनी डावीकडे पाहिलं. तिकडे पाण्याच्या टाकीच्या चाव्या टांगल्या होत्या.

"कुठंय?"

"नाहीये."

"मग याला कुणी सांगितलं आहे म्हणून?"

"बायोसने. कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यांत आधी चालणारा, बोर्डातलाच प्रोग्रॅम."

"आणि बायोसला?"

"बोर्ड बनवणाऱ्याने. ही चिप छोट्या लॅपटॉपमध्येही जाते, म्हणून तिच्यात लॅपटॉपच्या पॅनलची सोय असते. बायोसमधल्या तक्त्यात 'पॅनल आहे' असं लिहिलेलं असतं. इथे पॅनल नाही, पण तक्ता कुणी बदलला नाही."

काका खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे सभासद यादीत नाव आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, पण फ्लॅटच नाही."

"अगदी."

"आणि पहिला मान त्यालाच!"

इतकं नेमकं निदान मला कुठल्याही मॅन्युअलात मिळालं नव्हतं, हे कबूल. पण लगेच फोन लागला, स्पीकर सुरू झाला, आणि पुतण्या म्हणाला, "नोमोडसेट टाकायला सांगा."

नोमोडसेट म्हणजे सुरू होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, द्यायचा एक पर्याय. त्याचा मला मनापासून राग आहे. काहीही बिघडलं की लोक तेच टाकायला सांगतात. त्याने आय९१५ हा ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालूच होत नाही, म्हणून भुताचा पडदा जातो हे खरं. पण सोबत रिझोल्यूशन बायोसने दिलं तिथेच अडकतं, आणि पीडीएफ खाली सरकवताना प्रोसेसरला धाप लागते.

खरा उपाय वेगळा आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा. तिथली अक्षरं पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा झालेली दिसली, तर तीही त्या भुताचीच करणी, कारण कन्सोल लहान पडद्याचं माप धरतो. लॉगिन करून '/सिस/क्लास/डीआरएम' मधल्या प्रत्येक कनेक्टरची 'स्टेटस' फाइल वाचा. व्हीजीए-१, म्हणजे समोरचा खरा मॉनिटर, 'कनेक्टेड' असणारच. एलव्हीडीएस-१, म्हणजे लॅपटॉपच्या पॅनलचा कनेक्टर, तोसुद्धा 'कनेक्टेड' म्हणत असेल, तर चोर सापडला. आता रीबूट करा, ग्रब या बूट-लोडरच्या मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी' लिहा आणि एफ१० दाबा. शेवटचा 'डी' म्हणजे हा कनेक्टर बंद. नाव त्या फोल्डरातून, सुरुवातीचा 'कार्ड०-' सारखा भाग सोडून, जसंच्या तसं उचलायचं. काही सेटअपमध्ये पडद्यांची यादी देणारी एक्सरँडर कमांड हेच नाव मधली रेघ गाळून दाखवते, आणि तसं टाकलं तर कर्नल चकार शब्द न काढता दुर्लक्ष करतो. लॉगिन समोर आला की तेच '/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मधल्या 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' च्या अवतरणचिन्हांत घाला आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा.

ठराव मंजूर, नाव कमी झालं. चौकट व्हीजीएवर आली.

"उद्या खरंच तसा पडदा लावला तर?" काकांनी विचारलं. मी पाणी प्यायलो.

हे सगळं करावं का लागावं? कर्नलला हा रोग ठाऊक आहे. आय९१५ च्या कोडमध्ये 'पॅनल असल्याचं खोटं सांगणाऱ्या' बोर्डांची यादीच आहे. बोर्ड त्यात सापडला की एलव्हीडीएस आपोआप वगळलं जातं. पण ओळख पटते ती डीएमआयमधल्या, म्हणजे बोर्डात साठवलेल्या माहितीच्या तक्त्यातल्या, नावावरून. मी 'सुडो डीएमआयडिकोड -टी बेसबोर्ड' चालवून पाहिलं. निर्मात्याच्या रकान्यात 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' (निर्मात्याने भरायचं), बोर्डाच्या नावातही तेच, सिरीयल नंबरातही तेच. फॉर्म कोराच! नसलेल्या पडद्याची नोंद चोख, आणि स्वतःचं नाव लिहायला कुणाला सवड नाही. असा बोर्ड यादीत घालायचा तर कुठल्या नावाने? हेच शब्द कोरे राहिलेले इतर बोर्डही आहेत. त्यातल्या कुणाला खराखुरा पॅनल असेल तर त्याचा बिचाऱ्याचा उगाच अंधार.

म्हणजे पुन्हा कुणी नव्याने इन्स्टॉल केलं की पुन्हा डोंगर. म्हणून मी ती ओळ ठळक अक्षरांत कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवून आलो. आज ऑफिसात डोकावलो तर कागद गायब. काका म्हणाले, कमिटीच्या मालमत्तेवर काही चिकटवायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो.